चहावानी पाणी

तलावाच्या मॅनेजरने फोनवर "बांधाला थोडा पाझर आहे" एवढंच सांगितलं होतं. मातीच्या बांधाला पाझर असतोच, नसला तर उलट शंका येते. म्हणून गाडीत नेहमीचंच सामान टाकलं: टेप, उंची-पातळी मोजायची डंपी लेव्हल, १२ मिमीची टोकदार सळई आणि दोन रिकाम्या बाटल्या.

मावळातला खासगी तलाव. पाणपसारा तीन एकर, बांध ८ मीटर उंच आणि १४० मीटर लांब. बोटिंग आणि गळ टाकून बसणं एवढ्यासाठीच बांधलेला. २०२१ चा धरण सुरक्षा अधिनियम लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. म्हणजे असल्या बांधाकडे मालकाने बोलावलं तरच कुणी बघणार. खाली ओढ्याकाठी १४ घरांची वाडी आणि एक साकव.

सप्टेंबरअखेर, तलाव तुडुंब. माळीमामा थेट बागेच्या व्हॉल्व्हच्या चेंबरपाशी घेऊन गेले. "साहेब, परवापर्यंत नितळ होतं हो. आज बघा, चहावानी येतंय."

२० लिटरची बादली ३५ सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. हेच पाणी नितळ असतं तर पाझर मोजायची व्ही-नॉच (इंग्रजी V आकाराची खाच असलेली पट्टी) बसवून, रोज नोंद ठेवायला सांगून मी परत निघालो असतो. बाटली भरून दगडावर ठेवली. दहा मिनिटांत तळाशी नखाएवढा तपकिरी थर बसला. बोटांवर चोळला तर कचकच नाही, चिकट. मुरूम नव्हे, बांधाच्या मधल्या, पाणी अडवणाऱ्या गाभ्याची माती. बांध आतून वाहत होता.

चेंबरच्या सरळ रेषेत वर माथ्यावर चढलो. तिथे क्रोटनचं एक झाड पाण्याकडे कललेलं. मामा म्हणाले, जुलैत तिथे परातीएवढा खड्डा पडला होता, बागेची माती टाकून झाड लावलं. सळई टेकवली तर नुसत्या हाताच्या वजनाने ९० सेंटीमीटर आत गेली. चांगल्या दाबलेल्या भरावात ती वीतभरही जात नाही.

कारण उलगडायला वेळ लागला नाही. चार वर्षांपूर्वी लॉनसाठी माथ्यापासून १.८ मीटर खोल, बांधातून आरपार ११० मिमीचा पीव्हीसी पाइप टाकलेला. जेसीबीने चर खणला, पाइप ठेवला, मुरूम लोटून बुजवला. गोल पाइपाच्या पोटाखाली माती दाबली जात नाही. ती पोकळी म्हणजे पाण्याला आयती वाट. पाणी बाहेरच्या तोंडाशी एकेक कण उचलतं आणि भोक मागे मागे, तलावाकडे वाढत जातं. २०१९ ला रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं, मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं आणि खेकडे हा थट्टेचा विषय झाला. इथेही पायथ्याला खेकड्यांची बिळं होती आणि मॅनेजरचं बोट आधी तिकडेच गेलं. बिळं खरी होती, पण कोरडी.

मग सांडवा. सहा मीटर रुंद, माथ्यापासून १.२ मीटर खाली. बोटींना खोली मिळावी म्हणून त्यावर ४५ सेंटीमीटरपर्यंत वाळूची पोती, आणि रोहू-कटला निसटू नयेत म्हणून जाळी. विसर्ग खोलीच्या दीड घाताने वाढतो: १.२ मीटर खोलीला सेकंदाला साधारण १३ घनमीटर, उरलेल्या ७५ सेंटीमीटरला साडेसहा. पोती गुडघ्याएवढी, पण सांडवा निम्मा झालेला. अमेरिकेत जॉन्सटाउनच्या वर एका श्रीमंत क्लबचा असाच हौसेचा तलाव होता. तिथेही सांडव्यावर माशांसाठी जाळ्या होत्या, माथा उतरवलेला होता, तळातून पाणी सोडायच्या नळ्या आधीच काढून विकलेल्या होत्या. ३१ मे १८८९ ला तो फुटला आणि २,२०९ माणसं गेली.

मालक म्हणाले, "चेंबरमध्ये सिमेंट ओतून बंद करू." नको! बाहेरून बूच मारलं की आत दाब वाढतो आणि पाणी शेजारून फुटतं. पाण्याला येऊ द्यायचं, माती अडवायची. कॉटेजच्या बांधकामावर क्रश सँड होती, ती भुकटी निघेपर्यंत धुऊन घेतली. २० सेंटीमीटर वाळू, त्यावर १५ सेंटीमीटर कच, मग २०-४० मिमी खडी, वर दाबाला डबर. पहिली वाळू वाहून गेली. मग आधी थोडी खडी टाकून प्रवाहाचा जोर मोडला, तेव्हा ती टिकली.

पोलीस पाटलांना आणि तहसील कार्यालयाला फोन करून, साकवावर माणूस उभा करून, साडेदहाला जाळी काढली आणि पोत्यांत फक्त एक मीटरची फट केली. सगळी पोती एकदम काढली असती तर ओढ्यात सेकंदाला तीन घनमीटर पाणी सुटलं असतं. दुपारी तीनपर्यंत पातळी ३० सेंटीमीटर उतरली. पाइपाच्या खाली जायला अजून पाऊण मीटर हवं होतं, म्हणून १६० मिमीचे दोन एचडीपीई पाइप माथ्यावरून टाकून सायफन केला. दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद, माथ्यावरच्या टीमधून (T आकाराच्या जोडातून) पाणी भरून हवा काढायची, टीचं तोंड घट्ट बंद करायचं आणि मग व्हॉल्व्ह उघडायचे. खालचं टोक पायथ्यापासून लांब, दगडांवर. दोन्ही मिळून सेकंदाला ८० लिटरांच्या आसपास. पण पुढे दिवसाला ३० सेंटीमीटरच. घाईने उतरवलं की ओला आतला उतार पाण्याचा आधार सुटून घसरतो.

पाचला बाटली पुन्हा भरली. पाझर तेवढाच, पाणी नितळ. तरी वाडीतली माणसं त्या रात्री शाळेतच झोपली आणि बांधावर दर तासाला बॅटरी घेऊन फेरी झाली. तिसऱ्या दिवशी पातळी पाइपाच्या खाली गेली, चेंबर कोरडं पडलं.

डिसेंबरात चर तिरक्या बाजूंनी उघडला, पाइप उपटला. त्याच्या खाली मूठ जाईल एवढी नळी सापडली, तलावाच्या बाजूला हातभर माती उरली होती. १५-१५ सेंटीमीटरचे थर देत, गाभ्याच्या ओलसर मातीने दाबून भरलं. लॉनला पाणी आता माथ्यावरून सायफनने जातं. पोती पुन्हा ठेवायची का, हे मालकांनी नंतर दोनदा विचारलं.