हांतेन शिवलं त्याची गोष्ट

जपानी जॅकेट शिवायचं तर लोक सहसा हाओरीकडे वळतात. मी हांतेन घेतलं. हाओरी किमोनोवर चढवून मिरवायची. कापूस भरलेलं हांतेन घरात घालायचं, आणि तोक्योतल्या भाड्याच्या घरात जानेवारी काढायचा तर त्याचीच गरज जास्त. फुकुओकातल्या कुरुमेची हांतेन प्रसिद्ध आहेत, विकत सहज मिळतात. पण निप्पोरीच्या कापडबाजारात निळ्या-पांढऱ्या सुती कापडाचा एक तागा दिसला आणि हात शिवशिवले.

किमोनोच्या ताग्याचा पन्हा जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर. पॅटर्न मात्र ११० सेंटिमीटर पन्ह्याचा. त्यात पाठ अखंड होती, माझ्याकडे ती दोन पट्ट्या जोडून झाली. किमोनोची पद्धतही हीच, मध्यावर शिवण.

बेतायला काही त्रास नाही, सगळे आयतच. एकेक पट्टी पुढच्या घेरापासून खांद्यावरून थेट पाठीच्या घेरापर्यंत जाते. खांद्याला शिवण नाही, मुंढ्याचा गोल नाही, डार्ट नाही. ब्लाउज शिवून हात बसलेल्या बाईला सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

खरी परीक्षा एरीला, म्हणजे गळपट्टीला. ती सरळ कापलेली असते आणि एका घेरापासून मानेमागून वळून दुसऱ्या घेरापर्यंत लावायची. मी पाठीच्या मध्यापासून दोन्हीकडे टाचण्या लावत गेले, मानेपाशी अगदी दाट, आणि तेवढा भाग हातानंच शिवला. घाई असेल तर बाकी सगळं मशीनवर मारा, हे नको.

इस्त्रीचीही वेगळी रीत आहे. शिवणीचं कापड दोन्हीकडे न उघडता एकाच बाजूला पाडायचं, आणि घडी टाक्यांच्या पलीकडे दोनेक मिलिमीटरवर घालायची. याला ‘किसे’ म्हणतात. टाके घडीखाली जातात आणि मशीनची शिलाई आहे हे पटकन कळत नाही.

कापूस भरणं हे वेगळंच प्रकरण. वरचं कापड आणि अस्तर जोडून उलटं पसरायचं, त्यावर थर अंथरायचा, मग हळूहळू सगळं सुलट करायचं. कुरुमेचे कारागीर सुटा कापूस हातानं पसरतात. मी त्या भानगडीत न पडता क्विल्टिंगचा तयार थर घेतला. तो सरकू नये म्हणून गादीला घालतात तसे आरपार टाके, वीतभर अंतरावर.

अस्तर मुद्दाम भडक लाल. जपानच्या एदो काळातले (१६०३ ते १८६८) आग विझवणारे जाड, दाट धावदोरा घातलेलं हांतेन पाण्यात भिजवून आगीत शिरत. चित्रं आतल्या बाजूला रंगवलेली असत. आग विझली की हांतेन उलटं करून ती मिरवायची. एवढी हौस आपल्यालाही परवडते!

बाह्या पॅटर्नपेक्षा आखूड आणि अरुंद केल्या, गॅससमोर लोंबती बाही नको. तागा साधारण १२ मीटरचा, निम्मा उरलाय. दुसरं बिनकापसाचं होईल, एप्रिलच्या आत झालं तर.