हॅवलॉकला स्कूबा शिकताना

स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या, ‘ओपन वॉटर’ या पहिल्या कोर्सला समुद्राआधी एक फॉर्म आडवा येतो. दमा आहे का, फिट येतात का, कानाचं ऑपरेशन झालंय का, अशी भलीमोठी यादी. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची वेगळी चौकशी. माझी बीपीची गोळी चालू आहे, म्हणजे डॉक्टरांची सही आणणं आलं. आमच्या डोंबिवलीच्या फॅमिली डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट वाचला, ईसीजी काढायला लावला, ट्रेडमिलवर पळवलं आणि मगच पेन उचललं. हे घरीच उरकून जावं, बेटावर डॉक्टर शोधत बसण्यात सुट्टी घालवू नये. काहीजण डोळे मिटून सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. ते मला पटत नाही. पाण्याखाली काही झालं तर आपल्याबरोबर दुसऱ्याचाही जीव टांगणीला लागतो.

अंदमानातलं हॅवलॉक बेट 2018 पासून कागदोपत्री स्वराज द्वीप झालं, पण बोलण्यात अजून हॅवलॉकच. पोर्ट ब्लेअरहून (तेही आता श्री विजय पुरम) खासगी बोटीने दीड-दोन तास लागतात. याआधी मालवणला पाण्याखाली जाऊन आले होते, पण तिथे मागून टाकी धरून कुणीतरी फिरवून आणतं, आपण फक्त बघायचं. इथे सगळं आपल्या हाताने. थिअरी घरी मोबाइलवर वाचून झाली होती. लेखी परीक्षेत पासिंगला 75 टक्के लागतात, ते अवघड नाही. 200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं हेही जमण्यासारखं. पोहायला वेळेची अट नसते, त्यामुळे माझ्यासारखीला आरामात निभावतं.

खरी परीक्षा कमरेएवढ्या पाण्यात झाली. वाळूवर गुडघे टेकायचे, मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं आणि पाण्याखालीच ते बाहेर काढायचं. कृती सोपी आहे: मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर करायची, नाकाने जोरात श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जातं. पण नाकापाशी खारट पाणी आलं की शरीर आधी श्वास आत ओढू बघतं. शब्दशः नाकातोंडात पाणी. ठसका लागला, उभी राहिले, परत बसले, परत तेच. इन्स्ट्रक्टर पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. “मॅडम, जल्दी किस बात की है?” एवढंच म्हणायचा आणि पुन्हा खाली बसायचा. मग त्याने नुसतं तोंडाने सावकाश श्वास घेत बसायला लावलं, मास्क न घालता, डोळे मिटून. नाक शांत झालं तसं मास्कचं जमून गेलं.

दुसरी अडचण सवयीची. आमच्या योगवर्गात कुंभकाचं केवढं कौतुक! इथे पहिलाच नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा वर येता येता दुप्पट फुगते. तोंड मिटून वर आलात तर फुप्फुसाला इजा होते. म्हणून रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं, दातांत धरायचं यंत्र) तोंडातून काढण्याच्या सरावातही ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहावं लागतं. कानांचंही तसंच. दडे बसायच्या आधीच, मीटरभर उतरलं की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखायला लागल्यावर जोर लावण्यात अर्थ नाही, थोडं वर यायचं आणि पुन्हा उतरायचं. हातवारेही नव्याने शिकावे लागतात. खुशाल आहे हे सांगायला आपण अंगठा दाखवतो, तिथे त्याचा अर्थ ‘वर चला’. पहिल्या डाइव्हला सगळेच गडबडतात.

पहिल्या दोन डाइव्ह बारा मीटरपर्यंत, पुढच्या अठरापर्यंत. सुरुवातीला मी नुसती हातपाय मारत होते, त्यात हवाही भराभर संपते. टाकीत साधारण 200 बार दाब असतो आणि 50 शिल्लक असताना बोटीवर परत यायचं असतं. तिसऱ्या डाइव्हला श्वासावर तरंगणं जमलं. श्वास भरला की क्षणभराने शरीर वर जातं, सोडला की खाली. हात बांधून ठेवता आले आणि मग कुठे आजूबाजूला नीट बघायला फुरसत मिळाली.

एका मोठ्या गोलसर प्रवाळावर पिसांच्या इवल्या झाडांसारखे निळे-पिवळे कृमी होते. त्यांना ख्रिसमस ट्री वर्म म्हणतात. मी हात पुढे केला नव्हता, नुसती सावली पडली, तेवढ्यात सगळे झपकन आत. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. ते पचवून जे बाहेर टाकतात ती वाळू! किनाऱ्यावरच्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर लोळताना हे आठवलं आणि हसू आलं. माझं लाल नेलपेंट पंधरा मीटरवर मातकट दिसत होतं, कारण पाणी लाल रंग आधी गिळतं. इन्स्ट्रक्टरने टॉर्च मारला आणि नखं पुन्हा लाल झाली.

सगळंच काही रंगीत नव्हतं. फांद्यांच्या प्रवाळाचे तुकडे कितीतरी जागी नुसते पसरलेले होते, शेवाळ धरलेले. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातलं रंगीत शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. फार दिवस तसंच राहिलं तर मरतं. अंदमानात 2010 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, 2016 मध्येही फटका बसला. शेजारीच तळहाताएवढं नवं प्रवाळ वाढताना दिसलं. पायातल्या फिन्सच्या (रबरी वल्ह्यांच्या) एका फटक्यात ते मोडलं असतं, म्हणून तरंगणं नीट येईपर्यंत आम्हाला प्रवाळाच्या रीफजवळ नेलंच नव्हतं. ते मला आवडलं.

शेवटच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. तिकीट काढताना हा हिशेब धरावा. मी तो दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवला आणि सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहून आले. परतताना विमानतळावर पुढच्या कुटुंबाच्या बॅगेतून प्रवाळाचे तुकडे काढून घेतले. “हे तर मेलेलं आहे, किनाऱ्यावर पडलं होतं,” असं ते सांगत राहिले. पण वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे, त्यामुळे ते तुकडे तिथेच राहिले.