क्लोंडॉकिनचे दप्तर : डब्लिनच्या एका उपनगरातील पाच दिवस

मुलगी आणि जावई डब्लिनच्या पश्चिमेस लूकन येथे राहतात, त्यामुळे आयर्लंडला जाणे आम्हा उभयतांना नवे नाही. आधीच्या दोन खेपांमध्ये आम्ही मोहेरचे कडे पाहिले, ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात रांग लावली आणि चारचौघांसारखे फोटो काढून परतलो. या खेपेस मात्र मी पाच दिवस लूकनच्या शेजारच्या क्लोंडॉकिनसाठी राखून ठेवले होते. त्याचे कारण किरकोळ वाटेल. मागच्या वेळी तेथील ज्या बाजारसंकुलात आम्ही भाजी घ्यायला जात होतो त्याचे नाव 'मिल' असे होते, आणि ते नाव कोणा बिल्डरच्या डोक्यातून निघालेले नसून तेथे खरोखरच कागदाची गिरणी होती, असे जावयाने सहज सांगितले. माझे वडील परळच्या एका कापडगिरणीत साचाखात्यात होते आणि १९८२च्या संपानंतर त्यांनी गिरणीचे तोंड पाहिले नाही. गिरणीच्या जागी बाजार उभा राहणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. गिरणी गेल्यावर तिची आठवण कोण ठेवते आणि कशी ठेवते, एवढेच पाहायचे होते.

प्रथम जाण्याविषयी. भारतीय पारपत्रधारकास आयर्लंडचा व्हिसा लागतो आणि युरोपचा शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. पॅरिसहून दोन दिवस डब्लिनला जाऊन येऊ, असा बेत करणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. डब्लिनमध्ये उतरल्यावर लीप कार्ड घ्यावे. ते बस, लुआस ही ट्राम आणि उपनगरी रेल्वे या तिन्हींना चालते आणि सुट्या पैशांची कटकट वाचते. क्लोंडॉकिनच्या बाबतीत एक फसगत मात्र ठरलेली आहे आणि मीही तिच्यात सापडलो. नकाशावर 'क्लोंडॉकिन फाँटहिल' असे रेल्वे स्थानक दिसते, म्हणून मी आनंदाने गाडीत बसलो. ते स्थानक जुन्या गावापासून बरेच उत्तरेला आहे आणि पावसात तेथून चालत येताना माझा सगळा इतिहासप्रेमाचा उत्साह बुटांतून वाहून गेला. त्यापेक्षा सरळ गावात जाणारी बस धरावी, किंवा लुआसच्या लाल मार्गावर रेड काऊ थांब्यावर उतरून अर्धा तास चालावे. इंग्रजी नावात 'किन'च्या आधी 'ल' लिहितात, पण गावकरी बहुधा तो उच्चारत नाहीत. बसमध्ये विचारताना 'क्लोंडॉकिन' म्हटले की समोरचा माणूस लगेच मोकळेपणाने बोलू लागतो.

गावाचे मूळ आयरिश नाव क्लून डोलकॉन, म्हणजे डोलकॉनचे कुरण. सातव्या शतकात संत मोकुआ, ज्यांना क्रोनॉन असेही म्हणतात, त्यांनी येथे मठ स्थापन केला. त्या मठाचा गोल मनोरा आजही भर वस्तीत, रस्त्याच्या कडेला उभा आहे. त्याची उंची २५ मीटरांहून अधिक आहे आणि घेर इतका कमी की दुरून तो दगडी पेन्सिलीसारखा दिसतो. आयर्लंडमध्ये असे मनोरे बरेच असले तरी मूळची शंकूच्या आकाराची टोपी शाबूत राहिलेले थोडेच, आणि त्यांत हा एक आहे. दरवाजा जमिनीपासून पुरुषभर उंचीच्याही वर असून पायथ्याला फुगीर दगडी आधार व बाहेरून चढणाऱ्या पायऱ्या आहेत. आत जाता येत नाही. मनोऱ्याला लागून गिरणीकामगारांच्या जुन्या बैठ्या घरांची डागडुजी करून दक्षिण डब्लिन परगणा परिषदेने 'ब्रू ख्रोनॉन' हे अभ्यागत केंद्र केले आहे. ते २०१७ साली सुरू झाले. तेथे एक छोटे प्रदर्शन, बाग आणि चहा-फराळाची सोय आहे. प्रदर्शन पाहायला पाऊण तास पुरतो. माझा सल्ला असा की ते पाहून झाल्यावर लगेच निघू नये. बागेत बसून त्या घरांच्या भिंती पाहाव्यात, कारण मनोऱ्याची कथा पुस्तकांत सापडते, घरांची सापडत नाही.

समोरच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात ग्रॅनाइटचे प्राचीन क्रूस आहेत आणि मध्ययुगीन चर्चच्या भिंतीचा एक तुकडा आहे. तुकडाच का उरला, याचे उत्तर १७८७ सालचे आहे. जवळच्या बंदुकीच्या दारूच्या गिरणीत स्फोट झाला आणि त्याच्या दणक्याने जुने चर्च कोसळले. मनोऱ्याला मात्र धक्का लागला नाही. कॅमक ही छोटी नदी येथून वाहत जाऊन डब्लिनच्या लिफी नदीला मिळते आणि कॅमकच्याच पाण्यावर या परिसरातील गिरण्या चालत आल्या, आधी बंदुकीच्या दारूच्या, पुढे कागदाच्या. १९८०च्या दशकाच्या आरंभी कागदगिरणी बंद करण्याचे ठरले तेव्हा कामगारांनी तिचा ताबा घेऊन ठिय्या दिला होता, आणि याच दशकात ती कायमची थांबली. जवळपास त्याच सुमारास आमच्या चाळीत काय चालले होते ते आठवून मी त्या बागेत बराच वेळ नुसता बसून राहिलो. गिरणी थांबण्याआधीच गावाभोवतीची शेते संपू लागली होती. डब्लिनच्या वाढीसाठी टाला, लूकन-क्लोंडॉकिन आणि ब्लँचर्डस्टाउन अशी पश्चिमेस नवी शहरे वसवावीत, अशी योजना १९६७ साली मांडली गेली आणि पुढील वीस वर्षांत कुरणांच्या जागी घरांच्या रांगा आल्या. म्हणून येथे दोन प्रकारच्या आठवणी आहेत. एक गिरणीच्या गावाची, दुसरी त्या नव्या घरांत लहानपण काढलेल्यांची. या दुसऱ्या आठवणींकडे कोणी अजून इतिहास म्हणून पाहत नाही, हे मला खटकले.

तिसऱ्या दिवशी मी कागदपत्रांकडे वळलो. गावात मोनॅस्टरी रोडवर अमेरिकी उद्योगपती कार्नेगी यांच्या देणगीतून उभे राहिलेले जुने वाचनालय आहे आणि इमारत पाहण्याजोगी आहे, परंतु स्थानिक इतिहासाचा मोठा संग्रह टाला येथील परगणा ग्रंथालयात आहे. लुआसच्या लाल मार्गाच्या टाला शेवटच्या थांब्यापासून ते पायी अंतरावर आहे. पहिल्यांदा गेलो तो सोमवार बँक हॉलिडेचा निघाला आणि दाराला कुलूप. आयर्लंडमध्ये वर्षात असे सोमवार बरेच येतात, तेव्हा कॅलेंडर पाहून निघावे. दुसऱ्या दिवशी गेल्यावर जे आदरातिथ्य झाले ते सरकारी कार्यालयाची सवय असलेल्या माणसाला अवघडून टाकणारे होते. तुम्ही कोण, कुठले, पत्र कोणाचे आणले, असे काहीही न विचारता ग्रंथपालबाईंनी जुने नकाशे, छायाचित्रे आणि कात्रणांच्या फायली टेबलावर आणून ठेवल्या. सोबत फक्त पेन्सिल न्यावी, पेन बाहेर काढू नये, आणि छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे.

मात्र तेथे जाण्यापूर्वी घरी बसून निदान दोन संध्याकाळी तयारी करावी, म्हणजे ग्रंथालयातला वेळ वाया जात नाही. १९०१ आणि १९११ या दोन्ही जनगणनांची मूळ पत्रके आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. परगणा, मग गाव, मग रस्ता किंवा वाडी अशा क्रमाने उतरत गेल्यास एकेका घराचे पत्रक उघडते, आणि ते गणनाकाराने नव्हे, कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेले असते. १९११च्या पत्रकात विवाहित स्त्रीसमोर लग्नाला झालेली वर्षे, जन्मलेली मुले आणि त्यांपैकी हयात असलेली मुले असे तीन आकडे लिहायचे होते. मी पाहिलेल्या एका पत्रकात ते २१, १० आणि ६ असे होते. खाली सही नव्हती, फुली होती, आणि फुलीशेजारी दुसऱ्या हाताने नाव. ते पत्रक मी मुलीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता पुरे, जेवायला चला," पण जेवताना तिनेच विचारले की उरलेली चार कशाने गेली असतील.

याआधीच्या जनगणना का सापडत नाहीत, हे प्रत्येक नवखा विचारतो. यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि कित्येक शतकांचे कागद जळाले. १८२१ ते १८५१ या जनगणना बहुतांश त्यांतच गेल्या. १८६१ ते १८९१ या तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. म्हणून एकोणिसाव्या शतकासाठी लोक ग्रिफिथच्या मूल्यांकनाचा आधार घेतात. १८४७ ते १८६४ या काळात जमिनीवरील कर ठरवण्यासाठी केलेली ही नोंद म्हणजे आपल्याकडील सातबाऱ्याची दूरची चुलत बहीण समजावी : जमीन कोणाची, कसणारा कोण, आकार किती. जळालेल्या दप्तरांच्या इतरत्र उरलेल्या प्रती गोळा करून ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने २०२२ साली एक आभासी दप्तरखानाही उघडला आहे. आणि १९२६च्या, म्हणजे स्वतंत्र राज्याच्या पहिल्या जनगणनेची शंभर वर्षांची गुप्ततेची मुदत २०२६ मध्ये संपते, तेव्हा त्यानंतर जाणाऱ्यांना माझ्यापेक्षा एक पायरी जास्त मिळेल.

या सगळ्यात मला सर्वांत भावले ते मात्र शाळकरी मुलांचे दप्तर. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना कामाला लावले. घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत उतरवून आणा, एवढीच आज्ञा. विषय ठरवून दिलेले होते : पडके वाडे, पवित्र विहिरी, झाडपाल्याची औषधे, जत्रा, दुष्काळाचे दिवस, गावातले कारागीर. सुमारे ५,००० शाळांतील ५०,००० मुलांनी हे काम केले. आज हा संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये असून 'दूकस' या संकेतस्थळावर पानेच्या पाने वाचता येतात. शहरातील शाळा यातून बहुतेक वगळल्या होत्या, आणि आज उपनगर असलेल्या अनेक जागा तेव्हा खेडी होत्या, म्हणून त्यांचा आवाज यात उरला. काही पाने आयरिशमध्ये आहेत, बरीच इंग्रजीत. अक्षर गोलसर, खाडाखोड केलेले, आणि शेवटी 'हे मला माझ्या आजीने सांगितले' असा उतारा. ज्यांना वेळ आहे त्यांनी या पानांचे टंकलेखन करण्याच्या स्वयंसेवी कामात भागही घ्यावा, त्यासाठी आयरिश असण्याची अट नाही.

ती पाने वाचूनच मी बूट रोडवरील संत ब्रिजिडच्या विहिरीकडे गेलो. मोठा रस्ता, बाजूला घरे, आणि मध्येच पाण्याची ही लहानशी जागा. डोळ्यांच्या दुखण्यावर येथील पाणी चांगले, असे मानत आणि फडके ओले करून डोळे पुसून ते झाडाला बांधत. आमच्या पत्नीने हे ऐकून मान डोलावली, कारण नवसाच्या चिंध्या बांधलेले झाड तिला परिचयाचे होते. बाप्तिस्मा न झालेली अर्भके जेथे पुरत त्या जागांपैकी ही एक, असेही सांगतात, म्हणून येथे मोठ्याने बोलू नये आणि झाडावरचे काही सोडवू नये. ब्रिजिडचा दिवस १ फेब्रुवारीचा. २०२३पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टी असते. स्मशानभूमीतील जुने शिलालेख वाचताना खडू लावणे किंवा ब्रशने घासणे टाळावे. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड असताना, नाहीतर बाजूने विजेरी धरून पाहिल्यास अक्षरे आपोआप वर येतात.

ऑगस्टमध्ये जाणे जमले तर उत्तम. त्या महिन्यात देशभर वारसा सप्ताह असतो आणि गावोगावच्या इतिहास मंडळांचे लोक वाटाड्याचे काम करत मोफत फिरवून आणतात. फक्त पायांत चांगले बूट आणि अंगावर पावसाळी कोट असावा. छत्री वाऱ्यात टिकत नाही. वृद्ध माणसांशी बोलायचे असेल तर फोन एकदम समोर धरू नये. आधी चहा घ्यावा, तो आपल्यासारखाच कडक आणि दुधाचा असतो, आपण कोठून आलो ते सांगावे, मग रेकॉर्डिंगची परवानगी मागावी आणि ती मिळाल्याचेही रेकॉर्डिंगमध्ये बोलून घ्यावे. मी वडिलांच्या गिरणीविषयी सांगितले की समोरचा माणूस स्वतःच्या गिरणीविषयी बोलू लागे. प्रश्न विचारून इतके कधी मिळाले नाही.

शेवटच्या दिवशी टालाच्या ग्रंथालयात ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ एक पाकीट घेऊन आले होते. आत तळहातापेक्षा जरा मोठे एक कृष्णधवल छायाचित्र होते. गिरणीच्या फाटकापुढे पाच माणसे, बाह्या वर सरकवलेल्या, एकाच्या हातात डबा. मागे शाईने फक्त 'गिरणी, उन्हाळा' असे लिहिलेले. डावीकडून दुसरे आपले वडील, असे ते म्हणाले, आणि टोकाचा माणूस शेजारी राहत असे. ग्रंथपालबाईंनी पेन्सिल घेऊन एका वेगळ्या कागदावर पाच आकडे लिहिले, दोन आणि पाच यांच्यापुढे नावे भरली, आणि ते गृहस्थ चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहत असताना उरलेल्या तिघांपुढे हलक्या हाताने प्रश्नचिन्हे काढली.