मनगट मोडलं, प्लास्टर निघालं आणि मग डेक्सा

पावसात तलावपाळीला ओल्या फरशीवर पाय सटकला, हात टेकला आणि मनगट गेलं. एक्स-रेत डिस्टल रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटापाशी मोडलेलं, तळहातावर पडलं की बहुतेक हेच मोडतं म्हणे. भूल देऊन हाड ओढून बसवलं आणि आधी कच्चं प्लास्टर घातलं, सूज वाढत असते तेव्हा पक्कं घातलं तर आवळतं ना. सासूबाईंचं एकच, अगं हाडवैद्याकडे पाला बांधून घे. नाही गेले.

पुढच्या एक्स-रेत काहीच भरलेलं दिसेना, माझा जीव टांगणीला. डॉक्टर म्हणाले आधी तिथे रक्त साकळतं, मग मऊ कॅलस, म्हणजे हाड जोडणारा नवा भराव, धरतो, तो एक्स-रेत दिसत नाही, त्यात कॅल्शियम भरलं की मग दिसायला लागतो. त्याच सुमारास कळव्याच्या भाच्याने सायकलवरून पडून हात मोडून घेतला, ग्रीनस्टिक, पोरांचं हाड ओल्या फांदीसारखं एका बाजूने पिचतं, आरपार तुटत नाही, त्यामुळे माझ्यानंतर पडून माझ्याआधी मोकळा, वर मलाच विचारतो मावशी तुझं अजून नाही निघालं?

मोठ्यांना साधारण 6 आठवडे धरतात. निघालं तर हात काडी, मनगट वळेचना, दाराची कडी उघडताना डोळ्यात पाणी. खरा त्रास इथून सुरू, फिजिओ म्हणजे नुसता टाइमपास नाही हो, गरम पाणी, टॉवेल पिळणं, मग चपात्या लाटणं.

आणि हाडांची तपासणी करा हे फिजिओवाल्या ताईंनी सांगितलं, प्लास्टरवाल्यांनी चकार शब्द काढला नव्हता! पन्नाशीनंतर नुसतं उभ्याचं पडून हाड मोडलं तर बघायलाच हवं, कारण पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाड बनतं त्याहून जास्त झिजतं. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, केली, टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती, तो उणे 2.7. उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एक गोळी सुरू झाली, ती उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही, नाहीतर अन्ननलिकेला त्रास आणि गोळी अंगी लागत नाही ते वेगळंच. दात काढायचा वगैरे असेल तर गोळी सुरू करायच्या आधीच सांगा, मला डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं.