शिक्षणशास्त्र आणि शांतता अभ्यास, दोन्ही एकदम

"मास्तरकीच करायची तर बी.एड. इथेही झालं असतं, त्यासाठी अमेरिका कशाला?" घरून फोन आला की हा प्रश्न निघतोच, आणि तो रास्त आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत मी दोन पदव्युत्तर पदव्या एकत्र करते आहे. एक अध्यापनाची, शाळेत शिकवण्याच्या परवान्याकडे नेणारी. दुसरी शांतता आणि संघर्ष निराकरणाची. काही विषयांचे क्रेडिट दोन्हीकडे धरले जातात, त्यामुळे वेगवेगळ्या करण्यापेक्षा वेळ आणि फी वाचते. परवान्यासाठी प्रॅक्सिस नावाच्या परीक्षा असतात, त्यांची तयारी वेगळी.

शांतता अभ्यास म्हटलं की लोकांना प्रवचन वाटतं. प्रत्यक्षात पहिल्याच सत्रात योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या अभ्यासकाचा १९६९ चा लेख हातात पडतो. मारामारी थांबली एवढ्याने शांतता येत नाही, समाजाच्या रचनेमुळेच कुणाच्या वाट्याला कमी औषध, कमी शिक्षण येत असेल तर तीही हिंसाच, असं ते म्हणतात. मला लगेच जोतीराव फुल्यांचं हंटर आयोगापुढचं १८८२ चं निवेदन आठवलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी तेव्हाच सुनावलं होतं. वर्गात मी ते सांगितलं, तेव्हा प्राध्यापिकाबाईंनी निवेदनाचं इंग्रजी टिपण मागून घेतलं. मला फार बरं वाटलं.

हे शहरही शिकवतं. १९५० मध्ये इथल्या सूझा ज्युनिअर हायस्कूल या नव्या कोऱ्या शाळेत अकरा कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नाकारला गेला. इमारतीत जागा होती, पण शाळा गोऱ्यांची. त्यातून 'बोलिंग विरुद्ध शार्प' हा खटला उभा राहिला आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतल्या शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा त्याच दिवशीचा 'ब्राउन' निकाल इथे सगळ्यांना ठाऊक असतो. तो राज्यांपुरता होता. राजधानी वॉशिंग्टन हे कुठलं राज्य नाही, त्यामुळे 'बोलिंग'चा निकाल वेगळा द्यावा लागला.

खरी कसोटी मात्र सरावपाठात लागते. मी आठवीला समाजशास्त्र शिकवते. वर्गात एल साल्वादोरहून आलेल्या कुटुंबांतली बरीच मुलं आहेत. तिथे १९८० ते १९९२ यादवी युद्ध चाललं, आणि मुलांच्या आजीआजोबांनी ते भोगलेलं आहे. एकदा दोन मुलांची जागेवरून जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या घरच्यांबद्दल नको ते काढलं. दोघांना सरळ ऑफिसात पाठवता आलं असतं. माझ्या मार्गदर्शक शिक्षिकेने खुर्च्या गोल मांडायला लावल्या. एक गुळगुळीत दगड हातोहात फिरतो आणि ज्याच्या हातात तो, त्यानेच बोलायचं. प्रश्न तीन: काय झालं? कुणाला त्रास झाला? आता नीट करायला काय करावं लागेल? पहिल्या फेरीत दोघांनीही न बोलता दगड पुढे दिला. बाई गप्प राहिल्या. दुसऱ्या फेरीत एका तिसऱ्याच मुलीने, आपल्यालाही असंच बोललं जातं, हे सांगितलं. मग बोलणं सुरू झालं. दोघांची दोस्ती काही झाली नाही, पण नको ते बोलणाऱ्याने सगळ्यांदेखत शब्द मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी दोघंही वर्गात होते. शिक्षा झाली असती तर ते दोन दिवस घरी बसले असते आणि धडा बुडाला असता.

यासाठीच मला दोन्ही पदव्या हव्या होत्या. नुसत्या शांतता अभ्यासाने मी चांगले निबंध लिहिले असते. नुसत्या अध्यापनाच्या पदवीने पाठ टाचण पक्कं झालं असतं, पण वर्गात एवढा राग कुठून येतो, हे कळलं नसतं.

कुणी यायचा विचार करत असेल तर एक गोष्ट आधी तपासा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर साधारण वर्षभर काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी दोन वर्षांची वाढ अशा विषयांना सहसा मिळत नाही, आणि पगारही शिक्षकाचाच. कर्ज काढण्याआधी हा हिशोब घरच्यांबरोबर बसून करा.

पुढच्या सत्रात मी 'बोलिंग' खटल्यावर आठवीसाठी पाठमाला लिहिणार आहे. तिचं मराठी रूप आपल्याकडच्या शिक्षकांनी वापरून पाहावं, अशी फार इच्छा आहे. कुणी तयार असेल तर जरूर कळवा, मसुदा पाठवते.