तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्याकडे बर्फ किती पडतो?

नोव्हेंबर लागला की हा प्रश्न सुरू होतो. पुण्याहून मावशी फोनवर विचारते, लीड्स-शेफील्डला शिकायला येणारी मुलं विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात ते मँचेस्टरचे आपले लोक, की अहो तुम्ही आमच्यापासून तासाभरावर राहता, आमच्याकडे सकाळपासून नुसता पाऊस चाललाय आणि तुम्ही पांढऱ्याशुभ्र अंगणाचा फोटो टाकलाय, हे कसं काय? फोनवर दोन वाक्यांत सांगून समाधान होत नाही, माझंही नाही आणि विचारणाऱ्याचंही नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

आम्ही राहतो उत्तर इंग्लंडातल्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये, हॅलिफॅक्सच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून जवळपास ३०० मीटरवर. नोकरी लीड्सला. म्हणजे हिवाळ्यात घरचं हवामान वेगळं आणि ऑफिसचं वेगळं, घरून निघताना गाडीवरचा बर्फ खरवडायचा आणि लीड्सला पोचेपर्यंत बूट नुसते ओले, सगळ्यांच्या मते मी उगाच जाड कोट घालून आलेली. तिथेच मला या विषयाची गोडी लागली.

पहिली गोष्ट म्हणजे बर्फ पडणं आणि बर्फ राहणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मेट ऑफिसच्या, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याच्या हिशोबात दिवसभरात कधीही बर्फ किंवा स्लीट, म्हणजे पाऊस-बर्फ एकत्र, पडलं की तो बर्फ पडल्याचा दिवस. पण बर्फ ‘राहिला’ असं म्हणायला सकाळी ९ वाजता (ग्रीनिच वेळ) हवामान केंद्राभोवतीची निम्म्याहून जास्त जमीन झाकलेली असावी लागते. पहाटे ४ ला दोन सेंटिमीटर पडला आणि ८ ला वितळला तर तो पडला खरा, पण राहिला नाही. १९८१ ते २०१० ची अख्ख्या यूकेची सरासरी काढली तर वर्षाला २३.७ दिवस बर्फ किंवा स्लीट पडतं, आणि बर्फ जमिनीवर राहतो १५.६ दिवस, आणि यात स्कॉटलंडचे डोंगर धरलेत, ते काढले तर आकडा आणखी खाली येतो. म्हणून कोणी ‘यंदा बर्फ पडला का’ विचारलं की मी आधी विचारते, पडलेला पाहिजे की राहिलेला? मला स्वतःला राहिलेलाच खरा वाटतो. खिडकीतून दहा मिनिटं भुरभुर दिसली आणि सगळं ओलंच राहिलं, त्याला मी मनातून धरत नाही.

आता मँचेस्टरवाल्यांचा प्रश्न. सगळ्यात मोठं कारण उंची. वर गेलं की दर १०० मीटरला हवा साधारण ०.६ अंशाने थंड होते. लीड्सचा मध्यभाग किंवा मँचेस्टरचा मध्यभाग शंभर मीटरच्याही खाली आहे, म्हणजे आमच्यात नि त्यांच्यात दीड अंशाच्या आसपास फरक. मुंबई-पुण्यात दीड अंश कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण उत्तर इंग्लंडचा हिवाळा अगदी काठावर चालतो हो, बर्फाच्या बहुतेक दिवशी तापमान शून्य आणि तीनच्या मध्ये कुठेतरी घुटमळत असतं, मग खाली दोन अंशाला पाऊस किंवा स्लीट आणि वर अर्ध्या अंशाला बर्फ, ढग तोच. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. बर्फ खाली येताना वितळतो तेव्हा त्याला लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतो, म्हणून जोराची सर असेल आणि वारा पडलेला असेल तर तासा-दोन तासांत हवा इतकी गार होते की चालू पावसाचाच बर्फ होतो. भुरभुर सर असेल तर हे होत नाही. त्यामुळे एकाच उंचीवरच्या दोन गावांत, एकावर जोराचा ढग आला आणि दुसऱ्यावर हलका, तरी एक पांढरं आणि एक काळं असं होऊ शकतं.

उंचीचं सगळ्यात भारी उदाहरण क्रिकेटचं आहे. डर्बीशायरमधलं बक्स्टन, पीक डिस्ट्रिक्टमध्ये, आमच्याइतक्याच उंचीवर. १९७५ साली तिथे डर्बीशायर विरुद्ध लँकेशायर सामना चालू होता, क्लाइव्ह लॉइडने पहिल्या दिवशी नाबाद १६७ ठोकलेल्या, आणि २ जूनला, हो जूनला, मैदान बर्फाने झाकलं गेलं आणि त्या दिवशी खेळच झाला नाही. पंच होते डिकी बर्ड. आपले फारूख इंजिनीयर त्या काळात लँकेशायरकडूनच खेळायचे. बर्फ वितळल्यावर त्या ओल्या खेळपट्टीवर डर्बीशायर ४२ आणि ८७ मध्ये आटोपलं. जूनमध्ये बर्फ रोज पडत नाही, पण ३०० मीटर म्हणजे काय ते यातून कळतं.

दुसरं कारण पेनाइन्स. उत्तर इंग्लंडच्या मधोमध उत्तर-दक्षिण गेलेली ही डोंगररांग, पश्चिमेला मँचेस्टर, लिव्हरपूल, प्रेस्टन, पूर्वेला लीड्स, शेफील्ड, न्यूकॅसल. सह्याद्री डोळ्यासमोर आणा, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस आणि खाली वाईत त्याच्या पाव हिस्साही नाही. इथलं तत्त्व तेच, फरक एवढाच की आपल्या मोसमी वाऱ्याची बाजू ठरलेली असते आणि इथे वारा बाजू बदलतो, म्हणजे कोरडी बाजूही बदलते, आणि म्हणूनच ‘बर्फ जास्त कुठे’ याचं कायमचं उत्तर नाही.

वारा पूर्वेचा असेल तर तो नॉर्थ सीवरून येतो. युरोपातून निघालेली गोठलेली कोरडी हवा त्यामानाने उबदार पाण्यावरून जाते, वाटेत बाष्प घेते, आणि सरी धरते न्यूकॅसल, डरहॅम, नॉर्थ यॉर्क मूर्स या पट्ट्यावर. अगदी किनाऱ्यावर समुद्राच्या उबेने कधी कधी नुसतं स्लीट, आणि तिथून थोडं आत नि वर गेलं की घोट्याएवढा बर्फ. त्याच दिवशी मँचेस्टरला निळं आभाळ, कोरडा कडाका, रस्ते स्वच्छ. आणि वारा वायव्येचा झाला की चित्र उलटं, सरी येतात आयरिश सीवरून, लँकेशायर आणि चेशायरला मिळतात, सखल भागात बहुतेक वेळा पाऊस किंवा गारा, सॅडलवर्थ-रॉसेंडेलसारख्या वरच्या गावांत बर्फ, आणि न्यूकॅसलवाले म्हणतात आमच्याकडे तर ऊन आहे.

तिसरा प्रकार म्हणजे अटलांटिकवरून आलेला पाऊस आधीच बसलेल्या गार हवेवर चढतो तो. यात बर्फ भरपूर पडतो पण पश्चिमेला थोड्याच वेळात ऊब पोचते आणि त्याचा पाऊस होतो. पेनाइन्सवर आणि पूर्वेच्या खोऱ्यांत गार हवा जड असल्याने हलत नाही, म्हणून तिथे तासन् तास बर्फच पडत राहतो. जानेवारी २०२५ च्या पहिल्या वीकेंडला साधारण असंच झालं, दक्षिण इंग्लंडात लवकर पाऊस सुरू झाला आणि इकडे लीड्स-ब्रॅडफर्डचा वरचा भाग चांगलाच झाकला गेला.

या सगळ्यात काही ठिकाणं अशी आहेत की त्यांची गोष्टच वेगळी. लीड्स-मँचेस्टर जोडणारा एम-६२ जंक्शन २२ जवळ ३७२ मीटरवर जातो, यूकेतला सगळ्यात उंच मोटरवे, आणि मार्च २०१८ मध्ये पूर्वेच्या वाऱ्यात तिथे गाड्या रात्रभर अडकल्या होत्या, खालच्या गावांतले लोक चहा आणि खाणं घेऊन वर गेले. त्या वेळी बर्फ फार पडला असं नाही, वाऱ्याने तो उडवून एका जागी रचला, ज्याला ड्रिफ्ट म्हणतात. मोकळ्या माळावर गवताची टोकं दिसत होती आणि भिंतीच्या आडोशाला माणूस बुडेल एवढा ढीग. टॅन हिल नावाचं पब आहे ५२८ मीटरवर, ब्रिटनमधलं सगळ्यात उंच, तिथे नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळात साठच्या वर लोक तीन रात्री अडकले, कार्यक्रमाला आलेल्या बँडसकट. आणि डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण कंब्रियात, अँबलसाइड-विंडरमिअरच्या बाजूला, एका शनिवारात इतका बर्फ पडला की पर्यटकांनी मिळेल त्या छपराखाली रात्र काढली आणि हजारो घरांची वीज गेली.

आता तुलनेबद्दल, कारण ग्रुपवर फोटो आले की लगेच ‘आमच्याकडे जास्त’ सुरू होतं आणि ती तुलना बहुतेक वेळा बरोबरीची नसते. बागेतल्या लाकडी टेबलावरचा थर, गाडीच्या टपावरचा थर आणि गवतावरचा थर हे तीन वेगळे. टेबल नि टप खालून उघडे असल्याने लवकर गार होतात, रस्त्यात दिवसभराची ऊब आणि वर मिठाचं ग्रिट, म्हणजे बर्फ धरू नये म्हणून टाकलेलं भरड मीठ (चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून निघणारं खनिज मीठ बरंचसं यासाठीच जातं), म्हणून रस्त्यावर बर्फ सगळ्यात उशिरा धरतो. मी गवताच्या सपाट जागी, भिंतीपासून लांब, दोन-तीन ठिकाणी पट्टी लावते, सकाळी ९ ला, आणि मधला आकडा धरते. सुट्टी नसेल तर निघायच्या आधी मोजते आणि तसं लिहूनही ठेवते. दहा सेंटिमीटर बर्फ म्हणजे ढोबळमानाने एक सेंटिमीटर पाणी, पण आमच्याकडचा ओला बर्फ त्याहून खूप जड असतो आणि दुपारपर्यंत निम्मा बसतो, म्हणून सकाळच्या ९ च्या आकड्याची आणि संध्याकाळच्या फोटोची बरोबरी करू नका.

आणि राहण्याचं तर वेगळंच गणित आहे, तिथे दर वेळी उंचीच जिंकते असं नाही. आभाळ मोकळं आणि वारा शांत असेल तर रात्री थंड हवा खाली खोऱ्यात उतरून साचते, मग वरती आमच्याकडे शून्याच्या वर आणि खाली हेब्डन ब्रिजच्या बाजूला उणे चार असंही होतं. त्या अरुंद खोऱ्यात जानेवारीत काही उतारांवर ऊनच पोचत नाही, त्यामुळे आमचं दक्षिणेला तोंड असलेलं अंगण हिरवं झाल्यावरही तिकडच्या भिंतींच्या पायथ्याशी पांढऱ्या रेघा दिवसेंदिवस राहतात.

या नोंदी ठेवणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. गॉर्डन मॅन्ली हे ब्लॅकबर्नला वाढलेले भूगोलाचे प्राध्यापक, त्यांनी १९३७ मध्ये पेनाइन्समधल्या ग्रेट डन फेल या डोंगरावर, ८४८ मीटरवर, एक झोपडीवजा केंद्र उभं केलं आणि वर्षानुवर्षं भर हिवाळ्यात चढून जाऊन नोंदी केल्या. मध्य इंग्लंडच्या तापमानाची १६५९ पासूनची मालिका बांधली तीही त्यांनीच. स्वयंसेवकांनी सकाळी आपल्या गावातून दिसणाऱ्या डोंगरावर बर्फाची रेषा किती उंचीवर आहे ते लिहायचं, असा एक सर्व्हेही १९३७ ला सुरू झाला आणि २००७ पर्यंत चालला. सत्तर वर्षं! आजही लेक डिस्ट्रिक्टमधल्या हेल्वेलिन डोंगरावर, ९५० मीटरवर, हिवाळाभर रोज एक माणूस चढून जातो आणि वरची परिस्थिती गिर्यारोहकांसाठी कळवतो.

अशा नोंदी आहेत म्हणून ‘पूर्वी जास्त पडायचा का’ याचं उत्तर आठवणींवर सोडावं लागत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांना १९६३ लख्ख आठवतं आणि ते अजिबात वाढवून सांगत नाहीत, तो हिवाळा १७४० नंतरचा सगळ्यात थंड होता, १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी पडलेला बर्फ कित्येक भागांत मार्चच्या सुरुवातीपर्यंत राहिला. अलीकडचा म्हणायचा तर डिसेंबर २०१०, मध्य इंग्लंडची महिन्याची सरासरी उणे ०.७, १८९० नंतरचा सगळ्यात थंड डिसेंबर, आणि त्याच्या तोंडावर शेफील्ड फूटभर बर्फाखाली गेलं होतं. पण असे हिवाळे मधूनच येतात, एकंदर बर्फाचे दिवस कमी होत चाललेत, आणि काठावरच्या तापमानाच्या जागी अर्धा अंश वाढला तरी त्याचा सरळ पाऊस होतो. आमच्या उंचीवर हे जाणवतं, मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

बघायला यायचं असेल तर नाताळाचं तिकीट काढू नका. यूकेच्या त्याच सरासरीत डिसेंबरमध्ये बर्फ-स्लीटचे ३.९ दिवस, फेब्रुवारीत ५.६ आणि मार्चमध्येही ४.२, कारण समुद्र डिसेंबरात अजून पुरेसा गार झालेला नसतो. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी धरा, मुक्काम २५० मीटरच्या वरच्या गावात ठेवा, आणि स्नेक पास, वुडहेड पास किंवा ए-६६ या पेनाइन्स ओलांडणाऱ्या रस्त्यांनी जाणार असाल तर निघायच्या आधी रस्ता उघडा आहे का बघा. उत्तरेत राहणाऱ्यांना एक विनंती, पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा खाली घराची उंची, किती वाजता काढला, गवतावरचा थर किती आणि वारा कुठून होता एवढं लिहा. मँचेस्टरवाल्यांनी ‘आज काही नाही’ हेही लिहा, वहीत मला तेही लागतं.