पनामा कालव्याच्या पाणलोटात विद्यार्थ्यांना नेताना

पनामा कालव्यातून एक जहाज पार होताना सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. ते येते चाग्रेस नदी अडवून केलेल्या गातून तलावातून. २०२३च्या दुष्काळात तलाव इतका खालावला, की रोजची ३६च्या आसपास जहाजे डिसेंबरात २२वर आणावी लागली. पाणलोट क्षेत्र शिकायला याहून ठसठशीत जागा क्वचितच.

मुक्काम कालव्याकाठच्या गांबोआ गावात ठेवावा. गातून तलावातल्या बारो कोलोराडो बेटाची बोट इथूनच सुटते. तिथे स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेचे संशोधन केंद्र आहे, त्यामुळे नोंदणी आधीच हवी. पण बेटाला एक दिवस पुरे. खरे काम ओढ्यांवर.

जावे मार्चमध्ये. कोरडा ऋतू डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत असतो आणि जंगलाची करामत तेव्हाच दिसते. गुरांनी तुडवलेल्या कुरणात पावसाचे पाणी मुरत नाही. पावसाळ्यात ओढा झटकन फुगतो, उन्हाळ्यात लवकर रोडावतो. जंगलातला मात्र वाहता राहतो. यासाठी एक जंगलातला आणि एक कुरणातला ओढा निवडून दोन गटांनी एकाच वेळी मोजावे. वेगवेगळ्या दिवशी मोजले आणि मधल्या रात्री सर पडली, तर तुलना बाद.

मोजणी सोपी आहे. सरळ, उथळ अशा १० मीटर पात्रात संत्रे सोडून वेळ घ्यावी, पाचदा. संत्रे बरेचसे बुडून वाहते. हलका चेंडू वाऱ्याने भरकटतो. तळाशी पाणी संथ असते, म्हणून वेगाला ०.८५ने गुणावे. पात्राच्या रुंदीत दर अर्ध्या मीटरला खोली मोजून आडव्या छेदाचे क्षेत्रफळ काढावे, वेगाने गुणावे आणि आलेला प्रवाह पाणलोटाच्या हेक्टरांनी भागावा. हा भागाकार हमखास विसरला जातो. मग मोठ्या पाणलोटाचा ओढा उगाच ‘चांगला’ ठरतो. पाण्याचे नमुने घेताना प्रवाहाच्या खालून वर जावे, नाहीतर स्वतःच ढवळलेला गाळ बाटलीत येतो.

कुरणांच्या कडेचे उंच गवत ओळखीचे वाटेल. ते आपल्या नदीकाठचे कास! इथे मात्र ते उपरे आणि आक्रमक. कोरड्या दिवसांत पेटते, शेजारची रोपे जाळते आणि स्वतः मुळांतून पुन्हा फुटते. पाती धारदार असतात, हातमोजे लागतात. सापांसाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, नोंदींसाठी पेन्सिल. दमट हवेत शाई पसरते.

पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र हाताच्या पिशवीत असू द्यावे; ते नसेल तर भारतात परतताना ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.